बदलीच्या गावातली पपई

दौंड तुम्ही पाहिलेलं आहे. "छे हो, आम्ही कुठे दौंडला उतरलोय!" असं म्हणाल, पण पाहिलेलं आहे. पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसनं उत्तरेकडे कधी गेला असाल, तर दौंडला गाडी बराच वेळ उभी राहिल्याचं आठवेल. इथे इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. मग गाडी आल्या वाटेनंच उलटी निघाली, की नवखी माणसं घाबरून विचारायची, "अहो, परत पुण्याला चालली की काय?" आता बाहेरच्या बाहेर कॉर्ड लाइन झाल्यापासून पुष्कळ गाड्या इंजिन फिरवायला गावात येत नाहीत. पण १८७८ साली मनमाडचा फाटा निघाल्यापासून दौंड म्हणजे गाडी बदलण्याचं गाव, ही ओळख काही पुसली नाही.

मी मात्र इथे उतरले आणि राहिले. २०१२ साली लग्न होऊन आले. आमचे हे रेल्वेत गार्ड. (त्या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण सासूबाईंच्या तोंडी अजून गार्डच आहे.) मी चिपळूणची. आमच्याकडे एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो, त्याच्या निम्मासुद्धा दौंडला अख्ख्या वर्षात पडत नाही. पहिल्या एप्रिलमध्ये वाळत घातलेली साडी तिसऱ्या निऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या वाळलेल्या असायच्या. आणि पाणी जड. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजायची नाही. मी आपली कुकरला दोष देत होते.

गावाबद्दल एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. इथली निम्मी वस्ती बदलीची. एक रेल्वेची माणसं, दुसरी राज्य राखीव पोलीस दलाची. तीन वर्षं, पाच वर्षं, की बिऱ्हाड हललं. म्हणून कॉलनीच्या मागल्या अंगणांत तुम्हांला जुने, फार मोठे वृक्ष सोडले तर लावलेला आंबा क्वचित दिसेल. पाच-सहा वर्षांनी फळ देणारं झाड लावायचं कुणासाठी? बायका तुळस लावतात, गवती चहा, कढीपत्ता, मोगरा, आणि फळझाड म्हणाल तर पपई. दहा-अकरा महिन्यांत फळ हाती. केळही वर्षाभरात येते म्हणा, पण तिला पाणी पाजता पाजता आपलाच घसा सुकतो.

पपई तरी कुठली इथली? तिचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती आपल्याकडे आली आणि अशी रुळली, की आता परसात तिला कुणी परकी म्हणत नाही.

आमच्या पहिल्या घरात मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एक झाड होतं. आधीच्या बिऱ्हाडातल्या बाई लावून गेलेल्या. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या पपया मी खाल्ल्या. त्या झाडाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

२०१३ साली मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. आदल्या आठवड्यात मी त्या झाडाच्या पिकलेल्या फळाच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. लपवून नव्हे हो, ओट्यापाशी उभी राहून, सगळ्यांसमोर. चार दिवसांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा मागच्या दारी झाड नव्हतं. पपईचं खोड पोकळ असतं. कापलेल्या बुंध्यात भोक दिसत होतं आणि कडेनं चीक सुकला होता. सासूबाईंनी माणूस बोलावून तोडून घेतलं होतं. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारणी मात्र बोलल्या, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं.

डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगितलं होतं, की पहिल्या तीन महिन्यांत असे गर्भ पुष्कळदा मुळातल्याच दोषामुळे टिकत नाहीत. त्यात आईच्या खाण्यापिण्याचा काही अपराध नसतो. मी ते घरी येऊन सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, झाडही गेलं, आता वाद कशाला?

तुमच्यापैकी कुणी या अवस्थेतून जात असाल म्हणून नीट लिहिते. भीती अगदीच निराधार नाही. कच्च्या आणि अर्धकच्च्या पपईत चीक असतो, आणि त्या चिकानं उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण त्याच प्रयोगांत पिकलेल्या पपईच्या रसानं तसं झालं नाही. हे काम २००२ साली छापून आलेलं आहे. म्हणजे दिवस गेलेले असताना कच्ची पपई, तिची भाजी, तिचं लोणचं यांना हात लावू नये हे खरं. पूर्ण पिकलेल्या फळाचं आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि विचारायच्या आधी दोन फोडी खाल्ल्या गेल्या असतील, तर त्यासाठी जन्मभर स्वतःला दोष देत बसू नये.

मध्ये तीन वर्षं आम्ही सोलापूरला होतो. तिथेच आमची सानिका झाली. २०१९ मध्ये पुन्हा दौंडला बदली झाली, घर दुसरं मिळालं, मागे बरं अंगण. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवू लागले. पपईचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. बाजारातूनही येत नसे.

ते नाव काढलं सासूबाईंनीच. वयोमानानं त्यांना पोटाचा त्रास सुरू झाला. चूर्णं झाली, इसबगोल झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, रोज सकाळी वाटीभर पिकलेली पपई खा." पंधरा दिवसांत गुण आला. मग एका चतुर्थीला आम्ही सिद्धटेकला गेलो. दौंडहून वीसेक किलोमीटर. पूर्वी शिरापूरकडून भीमा होडीनं ओलांडावी लागे, आता पूल आहे. परतताना रस्त्याच्या कडेला एक मावशी पाटीत घरच्या पपया घेऊन बसल्या होत्या. घरी येऊन चिरली तर काय सांगू, गर केशरी, वास मंद, आणि गोडीला नुसता गूळ! सासूबाई खाता खाता म्हणाल्या, "बी टाकू नको गं. लाव एखादं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या फोडीकडे पाहत होत्या. मी बी धुवायला घेतलं.

आता लावण्याबद्दल. बीभोवती बुळबुळीत पिशवी असते. ती राखेत चोळून काढायची, बी धुऊन सावलीत वाळवायचं. तसंच पेरलं तर उगवायला फार वेळ घेतं. मे महिन्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती, वाळू आणि शेणखत भरून अर्ध्या पेरावर बी घातलं. पंधरा-वीस दिवसांत कोंब आले. रोपं वीतभर झाल्यावर जुलैत खड्ड्यांत लावली. खड्डा दीड फूट लांब, तितकाच रुंद आणि खोल. दोन झाडांत सात फूट अंतर. गणपतीच्या सुमारास मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडांपाशी उभी राहायची. हे म्हणायचे, "शाळेत हजेरी घेतेस तशी यांचीही घे."

पण पपई दिसायला सरळ, वागायला तितकी सरळ नाही. तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि काही झाडांत दोन्ही एकत्र. रोपाकडे पाहून काही कळत नाही. फूल येईपर्यंत वाट पाहायची. लांब देठांच्या लोंबत्या तुऱ्यांत फुलं आली की तो नर, फुल खोडाला चिकटून एकेकटं आलं की मादी. म्हणून जुने लोक एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावत आणि फुलं आली की नको ते उपटत. मला हे कुठे माहीत! मी प्रत्येक खड्ड्यात एकच गोजिरवाणं रोप लावलं होतं. एकाला तुरे लोंबले. शेजारचे काका म्हणाले, खोडात खिळा ठोका, मादी होईल. ठोकला. खिळा गंजला, झाड होतं तसंच राहिलं.

दुसरं मादी निघालं, पण त्याचा बुंधा सप्टेंबरात सडला. इथे माझी चूक. भीमाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि मोरीचं पाणी मी थेट बुंध्याशी सोडलेलं. पपईला तहान चालते, पण एक-दोन दिवस पाय पाण्यात राहिले की ती गेलीच. आता मी दुहेरी आळं करते. खोडाभोवती मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर गोल चर, आणि पाणी फक्त चरात. दौंडसारख्या कोरड्या गावात झाड पाण्याअभावी नव्हे तर पाण्यापायी गमावलं, हे माहेरी फोनवर सांगताना मला लाजच वाटली.

आणखी एक काटकसर अंगाशी आली. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे वाया जाणारं पाणी निघतं, ते मी झाडांना घालत होते. बोअरचं पाणी आधीच जड. त्यातले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात आणखी दाट झालेले असतात. पानांच्या कडा करपल्या तेव्हा ध्यानात आलं. ते पाणी फरशी पुसायला वापरावं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मात्र झाडाला खुशाल घाला.

पुढच्या वर्षी नर्सरीतून 'रेड लेडी'ची दोन रोपं आणली. ही तैवानची संकरित जात. हिच्यात निव्वळ नर झाड निघत नाही, म्हणून छोट्या अंगणाला सोयीची. फक्त हिचं बी धरून पुन्हा लावलं तर तसंच फळ येईल असं नाही. रोप दर वेळी विकतचं. दोन्हीला लिंबाएवढी फळं धरली आणि शेंड्याची पानं दोरीसारखी बारीक होऊ लागली. फळांवर गोल गोल वळी उमटली. हा मोझॅक, विषाणूचा रोग. मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. आपल्या मुंबई प्रांतात या रोगाची नोंद १९४८ सालीच झालेली आहे, आणि त्यावर औषध अजून नाही. झाड उपटून लांब टाकायचं, एवढंच. काकडी-भोपळ्याच्या वेलांवरही हा विषाणू राहतो, आणि मी कुंपणावर हौसेनं दुधी चढवला होता! तेव्हापासून पपईजवळ वेल नाही. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतः कुदळ आणून दिली. "तोडायचंच असलं तर वेळेवर तोडावं," इतकंच म्हणाल्या. त्या झाडाबद्दलच म्हणत होत्या की आणखी कशाबद्दल, मी विचारलं नाही.

पांढऱ्या कापसासारख्या किडीचाही अनुभव घेतला. पिठ्या ढेकूण म्हणतात तिला. पपईवरचा हा खास पाहुणा २००८ मध्ये कोइमतूरकडे पहिल्यांदा दिसला आणि दोन वर्षांत आपल्या पुणे जिल्ह्यातही पोचला. २०१० मध्ये त्याची शत्रू असलेली एक इवलीशी गांधीलमाशी परदेशातून मुद्दाम आणून सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला. म्हणून घरच्या झाडावर जालीम औषधं मारू नयेत. त्यानं ती माशीच आधी मरते. मी साबणाचं पाणी फवारते आणि जुन्या टूथब्रशनं कीड घासून काढते. शाळेच्या वह्या तपासण्यापेक्षा सोपं काम आहे.

तिसऱ्या खेपेला मात्र साधलं. एक रेड लेडी आणि एक सिद्धटेकच्या मावशींच्या बियांतलं, या वेळी एका खड्ड्यात चार रोपं लावून. डबीत राखून ठेवलेल्या बिया सासूबाईंनीच काढून दिल्या. नोव्हेंबरात फुलं आली. थंडीत फळं नुसती बसून राहिली. मार्चपासून ऊन तापलं तशी भराभर भरू लागली. इथली मेची उन्हं फळांच्या पश्चिमेकडच्या गालाला चट्टे पाडतात, तेव्हा गोणपाटाचा तुकडा बांधावा. वळवाच्या वाऱ्याला झाड डोकीजड असतं, म्हणून बांबूचा टेकूही द्यावा.

फळ कधी काढायचं? सालीवर पिवळा डोळा पडला की. नखानं जरा टोचलं तर चीक दुधासारखा न येता पाण्यासारखा पातळ येतो, हीही खूण. झाडावर पूर्ण पिकू देण्याची हौस करू नका; बुलबुल आणि खार आपल्याआधी उठतात. काढून वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं, की तीन-चार दिवसांत घरभर सांगतं.

पहिलं फळ चिरलं तो रविवार होता. दोन्ही जातींच्या फोडी एका ताटात मांडल्या. रेड लेडीचा गर लालसर, कापाला घट्ट, गोड आणि सरळसोट. डब्यात द्यायला उत्तम. गावठीचा केशरी, मऊ, चमच्यानं खायचा, आणि तिला तो पपईचा म्हणून एक वास असतो. कुणाला आवडतो, कुणी नाक मुरडतं. सानिकानं मुरडलं. मी तिच्या फोडीवर लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घातली. मग ताट रिकामं. यांनी रेड लेडीला मत दिलं. सासूबाईंनी आणि मी गावठीला. पुढच्याच महिन्यात उशिरा पिकलेलं एक फळ पावसाच्या झडीत काढलं, ते अगदी पाणचट निघालं. ऊन कमी पडलं की साखर कमी. दौंडच्या ज्या उन्हाला मी इतकी वर्षं नावं ठेवली, त्याच्याच जिवावर ती मेची गोडी होती.

पलीकडच्या घरात तेलुगू कुटुंब आहे. त्यांच्या घरच्या बाईंना मी अक्का म्हणते. पपईला त्या 'बोप्पाई' म्हणतात. कच्च्या फळाची भाजी मी त्यांच्याकडे शिकले. साल आणि बी काढून बारीक फोडी, मोहरी-उडीदडाळीची फोडणी, भिजवलेली हरभराडाळ, वर ओलं खोबरं. कोबीसारखी होते, पण जास्त रुचकर. मटण लवकर शिजवायला अर्ध्या किलोला मोठा चमचाभर कच्च्या पपईचा गर चोळतात. तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर मटणाचा लगदा होतो. चीक हाताला लागला तर खाज सुटते, म्हणून आधी तेलाचा हात घ्यावा. केकात घालतो ती रंगीत टुटीफ्रुटी म्हणजेही कच्ची पपईच. बारीक चौकोनी तुकडे काचेसारखे दिसेपर्यंत उकडून, साखरेच्या पाकात शिजवून, रंग घालून रात्रभर मुरवायचे आणि सावलीत वाळवायचे. पपई घालून दूध घुसळलंत तर लगेच प्या. ठेवलं की कडू होतं, कारण मटण मऊ करणारा तिचा गुण दुधालाही सोडत नाही. आणि बिया चावून पाहा, मोहरीसारख्या झणझणीत लागतात. लबाड व्यापारी त्या वाळवून काळ्या मिरीत मिसळतात. शंका आली तर मिरी पाण्यात टाका. खरी मिरी तळाला बसते, पपईचं बी वर तरंगतं.

माझी नणंद ओहायोत असते. तिला फळांचे फोटो पाठवले तर तिचं उत्तर आलं, "आमच्या मागे पण पॉपॉचं झाड आहे." मी म्हटलं, चला, पपई तिकडेही पोचली. तिनं पाठवलेल्या फोटोत हिरवट, आखूड, चिकूला ताणल्यासारखं फळ! चौकशी केली तेव्हा कळलं, की इंग्रजांच्या तोंडी पॉपॉ म्हणजे आपली पपई, पण अमेरिकेतला पॉपॉ निराळाच. तो आपल्या सीताफळ-रामफळाचा भाऊबंद. ओहायोनं २००९ साली त्याला राज्याचं देशी फळ म्हणून मान दिला आहे. ती म्हणते, चव केळं आणि आंबा एकत्र कालवल्यासारखी, आणि फळ दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून दुकानांत येत नाही. सासूबाईंनी फोटो पाहून निकाल दिला, "पुरंदरच्या सीताफळाची सर नसणार."

हे सगळं आताच लिहायला घेतलं त्याला कारण आहे. यांच्या बदलीचं घाटतं आहे. या महिन्यात कागद आला तर पंधरा दिवसांत सामान बांधावं लागेल. झाडावर नऊ फळं आहेत. त्यांतली दोन येत्या आठवड्यात होतील, बाकी सात अजून गर्द हिरवी. परवा संध्याकाळी सासूबाई झाडापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी पाणी घालत होते. त्या एकदम म्हणाल्या, "त्या वेळी मी ते झाड तोडायला नको होतं." मी म्हटलं, "आई, चर भरलाय, पाय जरा मागे घ्या." त्यांनी घेतले. मग आम्ही दोघी तिथेच अंधार पडेस्तोवर बसलो.

अक्कांना मी सांगून ठेवलं आहे. डोळा पडला की फळ काढा, दोन तुम्ही ठेवा, बाकीची या घरात नव्या येतील त्या बाईंना द्या. त्या दिवसांत असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. बिया राखेत चोळलेल्या माझ्याकडे दोन डब्या आहेत. एक नेणार आहे, दुसरी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून जाणार आहे.